चढाला गळती, उताराला धूर : एका जुन्या ॲम्बॅसडरच्या ब्रीदर पाइपांचं प्रकरण

गाडी निपाणीची. तंबाखूचा व्यापार असलेल्या घरातली, १९६९ सालची मार्क टू ॲम्बॅसडर, पेट्रोलची. मालक असलेल्या काकांच्या वडिलांनी नवी घेतलेली, म्हणून विकायचा प्रश्नच नाही. वर्षभर शेडमध्ये असते, लग्नसराईत नवरा-नवरीला घेऊन फिरते आणि अधूनमधून काका तिला चोर्ला घाटानं गोव्याला नेतात.

तक्रारी तीन होत्या. तवंदी किंवा वंटमुरीचा चढ ओढून आलं की क्लच घसरायचा आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी, बेल हाऊसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या कवचाच्या) खाली तेल ठिबकायचं. चोर्ला उतरून साखळीच्या सपाटीला ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळ्या धुराचा लोट. आणि आयडलिंग कधी एकसारखं नाही. सिग्नलला उभी असली की आरपीएम वर-खाली.

आधीच्या गॅरेजचं निदान सरळ होतं : पिस्टनच्या रिंगा गेल्या, मागची बाजू तेल सोडते, इंजिन उतरवा, बोअर करा, क्रँक ग्राइंड करा. आकडा ऐकून काका बेळगावच्या उद्यमबागेत आमच्याकडे आले. आमचं मूळ काम लेथचं. जुन्या गाड्या हा नाद आहे, धंदा नव्हे. त्यामुळे घाई नव्हती.

या गाडीतलं इंजिन म्हणजे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सीरीज, १४८९ सीसी, वर व्हॉल्व्ह असलेलं. ॲम्बॅसडरला ते १९५९ पासून मिळालं. त्याआधी साईड-व्हॉल्व्ह इंजिन होतं. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणारा मुख्य दांडा, तीन मेन बेअरिंगांवर. आणि या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट : या क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी ऑइल सील नाही. तिथं क्रँकवरच आटे कापलेले आहेत. क्रँक फिरते तेव्हा ते आटे बाहेर यायला निघालेलं तेल पुन्हा आत, चेंबरकडे, म्हणजे क्रँक फिरते त्या तेलाच्या पेटीकडे, ढकलतात. युक्ती चांगली आहे, पण तिची एक अट आहे. चेंबरमधली हवा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाची नको. आत दाब वाढला की आटे बिचारे काय करणार? तेल त्यांच्या उरावरून बाहेर येतं आणि थेट फ्लायव्हील-क्लचवर उडतं.

दाब वाढतो तो बॅक कॉम्प्रेशनमुळे. कितीही नवं इंजिन असलं तरी जळलेल्या वायूचा थोडा भाग रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतोच. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते. ते बाहेर काढायला या इंजिनाला मुळात दोन वाटा, म्हणजे ब्रीदर पाइप, दिलेल्या आहेत. वरच्या टॅपेट कव्हरवरून एक होज एअर क्लीनरला जातो. आणि मॅनिफोल्डच्या खाली, ब्लॉकच्या बाजूच्या कव्हरमधून एक लोखंडी पाइप रस्त्याकडे उतरतो. गाडी पळताना त्या पाइपाच्या तोंडावरून हवा वाहते, ती आतली घाण ओढून नेते. गाडी उभी असली की ती ओढ संपते. साधी, स्वस्त, आणि रस्त्यावर तेलाचे थेंब टाकणारी पद्धत. त्या काळी जगभर बहुतेक गाड्यांना हीच होती. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलांपासून धूर परत इंजिनात घेणं सुरू झालं, पण दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपला ही सोय आधीच होती. पाण्यातून जाणाऱ्या लष्करी गाडीला खाली उघडं भोक ठेवून कसं चालेल?

बॉनेट उघडल्यावर दिसलं ते असं. बाजूच्या कव्हरचा उतरता पाइप कापलेला, आणि राहिलेल्या तोंडात रबरी बूच ठोकून वर जुबली क्लिप आवळलेली. काकांना विचारलं. म्हणाले, "अंगणात फरशी घातली तवा डाग पडाय लागले. घरात सगळ्यांनी डोकं खाल्लं. मग मेस्त्रीनं बंद करून दिलं." टॅपेट कव्हरचा एअर क्लीनरकडे जाणारा होजही नव्हता. त्या जागी पेट्रोलची बारीक नळी, साधारण आठ मिलिमीटर भोकाची, आणि ती थेट इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा-पेट्रोल नेणाऱ्या वाटेला, एका निपलवर खोवलेली. मध्ये व्हॉल्व्ह नाही, काही नाही. कुणीतरी नव्या गाड्यांमध्ये नळी मॅनिफोल्डला जाते हे पाहिलं असणार. त्या नळीच्या वाटेत बसवलेला बोटभर व्हॉल्व्ह मात्र पाहिला नाही.

आता तक्रारी पुन्हा वाचा. आयडलिंगला आणि उताराला थ्रॉटल (ॲक्सिलरेटरनं उघडणारी हवेची झडप) मिटलेला असतो, तेव्हा मॅनिफोल्डमध्ये जबरदस्त ओढ असते. आयडलिंगला पंधरा ते वीस इंच पाऱ्याइतकी. चोर्ल्यासारख्या लांब उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी रोखून धरली की ती ओढ सतत चालू राहते. वर व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर तेल उडवत असतात. ते धुक्यासारखं तेल नळीतून मॅनिफोल्डमध्ये साचत जातं. सपाटीला थ्रॉटल उघडला की एकदम जळतं : निळा लोट. चढाला याच्या अगदी उलट. थ्रॉटल पूर्ण उघडा, मॅनिफोल्डची ओढ जवळपास शून्य, आणि नेमकं तेव्हाच बॅक कॉम्प्रेशन सर्वांत जास्त. बाहेर पडायला वाट म्हणजे ती बारीक नळी. खालचा पाइप बुचानं बंद. मग दाब मागच्या आट्यांतून वाट काढतो.

म्हणजे तेल जाळणं आणि तेल गाळणं हे दोन रोग नव्हते. एकाच चुकीच्या पाइपांची ती दोन तोंडं होती. पण हे झालं कागदावर. उतारानंतरचा निळा धूर झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमुळेही (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीमुळेही) येतो, अगदी याच पद्धतीनं. रिंगा गेल्या असतील तर धूर चढालाही दिसायला हवा. तो दिसत नव्हता, एवढंच रिंगांच्या बाजूनं बोलता येत होतं.

कॉम्प्रेशन घेतलं. चारही सिलिंडर १०५ ते ११५ पीएसआयच्या दरम्यान. प्रत्येकात चमचाभर तेल सोडून पुन्हा घेतल्यावर थोडे वाढले. रिंगा थकल्या आहेत, मेल्या नाहीत. मग चेंबरचा दाब मोजायचं ठरवलं. हे काम कुठल्याही गॅरेजला किरकोळ सामानात होतं, तरी कुणी करत नाही याचं मला नेहमी नवल वाटतं. पारदर्शक नळीचा यू आकार करून फळीवर बांधायचा, आत कुंकवाचं पाणी, एक टोक उघडं, दुसरं टोक डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवायचं. मध्ये एक रिकामी बाटली ठेवायची, म्हणजे पाणी ओढलं गेलंच तर बाटलीत पडेल, इंजिनात जाणार नाही.

बाटली होती म्हणून बरं. इंजिन चालू केल्याबरोबर यू नळीतलं सगळं पाणी सटकन बाटलीत. एक इंच पारा म्हणजे साडेतेरा इंचांहून जास्त पाणी. हातभर नळीत ही ओढ मावणं शक्यच नव्हतं. टॅपेट कव्हरचं कॉर्क पॅकिंग एका बाजूनं आत ओढलं गेलेलं दिसत होतं, आणि कान लावला तर पुढच्या टायमिंग कव्हरच्या सीलमधून बारीक शिट्टी. इथं आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायची. मागचे आटे दोन्ही बाजूंनी उघडे. बाहेरून हवा आत येते तेव्हा ती बेल हाऊसिंगमधून येते, म्हणजे क्लच प्लेटची झिजलेली भुकटी घेऊन येते, आणि तिला अडवायला कुठलाही फिल्टर नाही. तेलात ती भुकटी म्हणजे बेअरिंगांना पॉलिश पेपर.

चढाचं मोजमाप गाडी पळवूनच घ्यावं लागलं. नळी लांब करून फायरवॉलच्या ग्रोमेटमधून आत घेतली, फळी डॅशबोर्डला बांधली. वंटमुरीच्या चढाला पाणी उलट्या बाजूला सरकू लागलं आणि पाय दाबून ठेवला तसं फळीच्या वर निघून पायपुसणीवर सांडलं. शेजारी बसलेले मेस्त्री मामा, इंजिन उतरवायच्या मताचे, काही बोलले नाहीत. परत आल्यावर त्यांनीच पान्हा घेतला आणि बूच काढलं.

पुढची चाचणी फुकटची होती. मॅनिफोल्डचं निपल टोपी लावून बंद केलं, टॅपेट कव्हरवर जाड होज लावून तो मोकळा सोडला, खालचं तोंड उघडं. बेल हाऊसिंग रॉकेलनं धुऊन, वाळवून, तळाच्या भोकातली स्प्लिट पिन हलवून भोक मोकळं केलं आणि गाडी चोर्ल्याला नेली. उतारानंतर धुराची एक फिकी रेघ आली, लोट नाही. म्हणजे गाइड थोडे झिजलेले आहेत, पण मुख्य गुन्हेगार ते नाहीत. परतीच्या चढानंतर बेल हाऊसिंगखाली ओल होती, ठिबक नव्हती.

इंजिन उतरवायचं नाही हे इथं ठरलं. खरा वाद यापुढे झाला : पाइप कुठून कुठे न्यायचे?

मामांचं म्हणणं, कंपनीनं दिलं होतं तसं करा. नवा उतरता पाइप, वरून एअर क्लीनरला होज, विषय संपला. जुन्या गाडीच्या बाबतीत माझाही कल तिकडेच असतो. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना आता व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं येतात, आणि मूळ रूप राखण्याला किंमत आहे. (काकांनी ती नोंदणी केलेली नाही. त्या नोंदणीत रोजच्या वापराला आणि भाड्याला मनाई आहे; लग्नाला पैसे घेत नसले तरी त्यांना ती कटकट नको.) पण या गाडीचं मुख्य काम वरात. बँडच्या मागे पहिल्या गिअरमध्ये तासभर सरपटायचं. उतरत्या पाइपाला तेव्हा काडीचीही ओढ नसते. धूर बॉनेटखाली साचतो आणि आत येतो. शालू नेसलेली नवरी आणि जळक्या तेलाचा वास, असं व्हायला लागलं म्हणूनच कुणीतरी हे उद्योग केले असणार.

दुसरा पर्याय : दोन्ही वाटा एअर क्लीनरला जोडायच्या. रस्त्यावर थेंब नाही, व्हॉल्व्हची भानगड नाही. पण दोन्ही टोकं एकाच ठिकाणी गेली की आत ताजी हवा येत नाही. दाब सुटतो, वाफ मात्र तिथंच राहते. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात, छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत याचा परिणाम तेल भरायच्या झाकणाखाली दिसतो : पिवळट, सायीसारखा थर. तेल पाण्यात घुसळून होतो तो. या इंजिनातही तो होता.

तिसरा पर्याय निवडला. ताजी हवा एका बाजूनं आत, घाण दुसऱ्या बाजूनं बाहेर, आणि दोघांच्या मध्ये अख्खं इंजिन. आत येणारी हवा एअर क्लीनरच्या गाळलेल्या बाजूकडून टॅपेट कव्हरला. बाहेर जाणारी बाजूच्या कव्हरमधून, व्हॉल्व्हमार्गे मॅनिफोल्डला. दिशा उलटी का नाही? कारण वर रॉकरचं तेल उडत असतं, तिथून ओढलं की तेलच येतं. हेच तर आधी होत होतं. बाजूच्या कव्हरमागे तेल उडणं कमी. शिवाय बीएमसीनं स्वतः १९६४ च्या सुमाराला एमजीबी मोटारीत याच घराण्याच्या इंजिनाला बाजूच्या कव्हरमधूनच ओढ दिली होती, म्हणजे आम्ही काही नवं शोधलेलं नाही.

व्हॉल्व्हचं काम थोडक्यात. आत स्प्रिंगवर बसलेली एक सोंगटी असते. आयडलिंगला ओढ जास्त, तेव्हा ती सोंगटी ओढली जाऊन भोक बारीक करते. थ्रॉटल उघडला, ओढ कमी झाली की स्प्रिंग तिला मागे ढकलून वाट मोठी करते. मॅनिफोल्डमध्ये उलटा भडका झाला तर ती वाट पूर्ण बंद करते, म्हणजे आग चेंबरकडे जात नाही. पूर्ण थ्रॉटलला व्हॉल्व्ह उघडा असूनही ओढच नसते; तेव्हा जास्तीचं बॅक कॉम्प्रेशन टॅपेट कव्हरच्या होजमधून उलटं एअर क्लीनरकडे जातं. म्हणून तो होज जाड हवा. लोक व्हॉल्व्हकडे लक्ष देतात आणि हा होज बारीक टाकतात. चढाला गळती पुन्हा सुरू.

मॅनिफोल्डला आधीच्या मेस्त्रीनं पाडलेलं भोक एका टोकाला होतं. या हेडमध्ये एक-दोन सिलिंडरांना मिळून एक इनटेक वाट आणि तीन-चारला मिळून दुसरी. भोक एका बाजूला असलं की त्या बाजूच्या जोडीला जास्त हवा आणि सगळं तेल जातं. तीन-चारचे प्लग ओले का होते ते तेव्हा कळलं. ते भोक आम्ही आटे पाडून बोल्टनं कायमचं बंद केलं. नवं पाडलं नाही. त्याऐवजी कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये बसेल अशी दहा मिलिमीटर ॲल्युमिनियमची पट्टी लेथ-मिलिंगवर करून घेतली, मधोमध आरपार मोठं भोक, आणि कडेनं पितळी निपल. वाट बरोबर मध्यावर, चारही सिलिंडरांना सारखी. स्टड लांब लागले, थ्रॉटलचा रॉड थोडा वाकवून जुळवावा लागला, एअर क्लीनरचा आधार सरकवला. पट्टी उद्या काढली तर मॅनिफोल्ड आहे तसा.

होजच्या बाबतीत मी हट्टी आहे. रेडिएटरचा होज इथं चालत नाही. तो पाण्यासाठी असतो, तेलाच्या वाफेनं फुगतो, मऊ पडतो आणि आतून सोलतो. पारदर्शक प्लास्टिक नळी दिसायला छान, पण मॅनिफोल्डच्या उष्णतेनं लाकडासारखी होते. नायट्राइल रबराचा, कापडी विणीचा होज घ्यायचा. ओढीच्या बाजूला तर विणीशिवाय नकोच, कारण गरम झाल्यावर तो आतल्या आत चपटा होतो आणि बाहेरून काही कळत नाही.

रस्ता आखताना सगळा वेळ गेला तो बाजूच्या कव्हरपासून. ते कव्हर मॅनिफोल्डच्या खाली, म्हणजे एक्झॉस्टच्या शेजारी. सरळ वर नेला तर होज भाजणार. म्हणून तो आधी पुढे, रेडिएटरच्या दिशेनं आडवा आणला, ब्लॉकच्या बोल्टला क्लॅम्प दिला आणि मग वर घेतला. कुठेही पोट पडू दिलं नाही. होज मध्ये लोंबला की त्या पोटात पाणी-तेल साचतं आणि वाट बंद होते. वाट बंद झाली की आपण पुन्हा बुचाच्या काळात. कव्हरपासून वरपर्यंत सतत चढ, म्हणजे थंड होऊन जे पातळ होईल ते परत चेंबरमध्ये ओघळेल.

वाटेत, बॅटरीच्या बाजूच्या पत्र्याला एक छोटी डबी बसवली. आत स्टीलची तारेची घासणी. भांडी घासायचीच, पण स्टेनलेसची. लोखंडी घासणीचे तुकडे सुटतात आणि ते इंजिनात नकोत. धूर घासणीतून जातो, तेलाचे कण तिथं अडकतात. डबीच्या वरून निघालेला होज व्हॉल्व्हला, व्हॉल्व्ह पट्टीच्या निपलला. तेल भरायचं झाकण हवा घेणारं होतं, ते बिनहवेचं केलं. नाहीतर ताजी हवा फिल्टर चुकवून तिथूनच आली असती.

कार्ब्युरेटर एसयूचा. व्हॉल्व्हमधून येणारी हवा कार्ब्युरेटरला न विचारता आत येते, त्यामुळे आयडलिंगला मिश्रण पातळ पडतं. पण आधीच्या थेट नळीच्या काळात कुणीतरी आयडलिंग टिकवायला जेटचा नट बेसुमार खाली घेऊन, म्हणजे पेट्रोल जास्त करून, ठेवला होता, त्यामुळे प्लग काळे. नट आधी वर घेतला, मग नव्या हवेपुरता थोडा खाली. पीयूसीला अशा जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के. गाडी त्यात बसली. त्याआधी कशी पास होत होती ते मी विचारलं नाही.

शेवटची यू नळी. आयडलिंगला इंच-दीड इंच पाण्याची हलकी ओढ, तीही स्थिर. वंटमुरीच्या चढाला पाणी शून्याच्या आसपास, पाय पूर्ण दाबल्यावर अर्धा इंच उलट. आट्यांना एवढं झेपतं. टायमिंग कव्हरची शिट्टी गेली.

क्लच प्लेट तेलानं भिजलेली होती, ती बदलावीच लागली. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवला तेव्हा आट्यांचा भाग पाहून घेतला, चांगला होता. रात्रभर उभी राहिल्यावर एक-दोन थेंब अजूनही पडतात. क्रँक थांबलेली असताना आटे काम करत नाहीत, त्यावर या इंजिनात उपाय नाही. काकांनी शेडमध्ये पत्र्याचा ट्रे ठेवला आहे, फरशी वाचली.

लक्ष ठेवायच्या गोष्टी काकांना लिहून दिल्या. दर तेलबदलाला व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवायचा. आतली सोंगटी खडखड वाजली पाहिजे, नाहीतर पेट्रोलमध्ये धुवायचा. डबी उन्हाळ्यात महिनोन् महिने बघितली नाही तरी चालेल, पण पावसाळ्यात कणकुंबीवरून जाऊन आलं की खालचा नळ उघडायचाच, दुधट पाणी निघतं. होज दाबून बघायचे, मऊ लागले तर बदलायचे. आणि गाइडचं काम हेड खोलायची वेळ येईल तेव्हा.

मामांनी काकांसाठी मूळ मापाचा उतरता पाइपही करून दिला आहे, काळा रंग देऊन. तो डिकीत असतो. कुठे प्रदर्शनाला गाडी न्यायची झाली तर पट्टी, डबी आणि व्हॉल्व्ह काढून तो लावायला सकाळ पुरते. पाइप लावला तर वरातीच्या आधी परत काढायचा, एवढंच त्यांनी बजावून सांगितलंय.